बोऱ्हाळ्यातला अर्धा ऱ

मारेगावच्या बसस्टँडसमोरच्या गल्लीत सत्यभामा नगराळेचं सेवा केंद्र होतं. दहा बाय बाराची खोली, दोन संगणक, एक प्रिंटर आणि भिंतीला टेकवलेलं लाकडी बाक. दाखला, सातबारा, आधारची दुरुस्ती, असं काही ना काही घेऊन तालुक्यातली निम्मी माणसं त्या बाकावर बसून गेली होती. केंद्र चालवणारं माणूस म्हटलं की डोळ्यांपुढे विशी-बाविशीचं कुणी येतं. सत्यभामा अठ्ठेचाळीस वर्षांची होती. चष्मा नाकावर खाली घसरलेला, केसांचा घट्ट अंबाडा, आणि टायपिंग असं की समोरचा माणूस बोलून थांबायच्या आत कागद तयार.

ते टायपिंग तिनं यवतमाळात कमावलं होतं. वडील बाबाराव तिथल्या एका जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधायचे. छप्पनच्या साली ऐन पंधरा वर्षांचे असताना त्यांनी घरच्यांबरोबर धम्मदीक्षा घेतली होती, आणि तेव्हापासून नावाच्या बाबतीत ते फार काटेकोर झाले होते. सत्यभामेला शाळेत घातलं तेव्हा गुरुजींनी रजिस्टरात 'सत्ती' लिहिलं. बाबारावांना ते आठ दिवसांनी कळलं. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून, अंगाला चिकटलेल्या कापसासकट ते शाळेत जाऊन उभे राहिले. "पोरीचं नाव सत्यभामा हाय, गुरुजी. पुरं लिवा. माह्यासमोर लिवा." गुरुजींनी लिहिलं, तेव्हाच ते हलले.

दहावीनंतर सत्यभामा मराठी टंकलेखन शिकली, आणि ज्या संस्थेत शिकली तिथेच पुढे सोळा वर्षं शिकवत राहिली. बोटांकडे न बघता मिनिटाला चाळीस शब्द. तिच्या हाताखालून गेलेली पोरं पुढे कचेऱ्यांत लागली. मग संगणक आले, टंकयंत्रं भंगारात गेली, संस्थेला कुलूप लागलं. नवरा एसटीत वाहक होता, त्याची बदली इकडच्या आगारात झाली. सत्यभामेनं मारेगावात खोली भाड्यानं घेतली आणि संगणकापुढे बसली. नवीन यंत्राला ती कधी बिचकली नाही. अक्षरं तीच आहेत, फक्त शाई बदलली, असं ती म्हणायची.

सन २०१७ चा सप्टेंबर होता. त्या वर्षी कापसावर गुलाबी बोंडअळी तुटून पडली होती. माणसाच्या डोक्याइतक्या उंच वाढलेल्या पऱ्हाटीत शिरून लोक फवारत होते, आणि फवारता फवारता पडत होते. डोळे लाल, तोंडाला फेस, मळमळ. यवतमाळच्या दवाखान्यात खाटा पुरत नव्हत्या. बोंब उठली तशी एक योजना निघाली. रोजानं फवारणी करणाऱ्या प्रत्येक मजुराला मास्क, चष्मा, हातमोजे आणि अंगरखा अशी पेटी मिळणार. पण नोंदणी ऑनलाइन. पोर्टल बनवायचं काम पुण्याच्या एका कंपनीला दिलेलं.

पहिल्याच आठवड्यात रुखमाबाई टेकाम केंद्रात आली. ती बोऱ्हाळ्याची. मारेगावपासून नऊ किलोमीटरवरचं कोलाम आदिवासींच्या वस्तीचं गाव, आणि गावात घरटी एक माणूस फवारणीवर जाणारा, एकूण बासष्ट. तिचा नवरा लेतू आठ दिवस दवाखान्यात राहून नुकताच परतला होता. तो बाकावर बसला आणि उजेड सहन होत नाही म्हणून त्यानं डोळ्यांवर दुपट्टा ओढून घेतला.

"याले आता दिसते कमी," रुखमाबाई म्हणाली. "पन मी पानी भरतो, औषध कालवतो. मले तरी चष्मा पाह्यजे. दोघायचंही नाव टाका बाई."

सत्यभामेनं अर्ज भरला. नाव, आधार क्रमांक, गाव. गावाच्या रकान्यात तिनं 'बोऱ्हाळा' टाइप केलं, अक्षर न अक्षर बरोबर. मग 'जतन करा' दाबलं. पान बदललं आणि समोर आलं, 'बो', त्यापुढे एक रिकामा चौकोन, मग 'हाळा'. खाली लाल अक्षरांत ओळ होती: गावाचे नाव आढळले नाही. अर्ज नाकारण्यात आला आहे.

तिला आधी स्वतःचाच संशय आला. पुन्हा टाइप केलं. पुन्हा चौकोन. दुसऱ्या संगणकावर बसली. तिथंही चौकोन. मग तिनं वरुडचा एक अर्ज भरून पाहिला, तो सरळ गेला. पांढरकवड्याचा गेला. बोऱ्हाळ्याचा मात्र जाईना.

"काय झालं जी?" रुखमाबाईनं विचारलं.

"तुमच्या गावातलं एक अक्षर गायब होऊन राह्यलं."

"अक्षर गायब होते?"

"होत तर नाई. पाहू काय भानगड हाय ते. तुमी उद्या या."

मदतकक्षाचा नंबर अर्ध्या तासानं लागला. पलीकडच्या माणसानं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "मॅडम, तुमचा डिस्प्ले खराब आहे. मॉनिटर चेक करा." सत्यभामेनं मोबाईलनं स्क्रीनचा फोटो काढून त्याला पाठवला. फोटोत काचेवर वाकड्यातिकड्या रेघा उमटल्या होत्या. मोबाईलनं स्क्रीनचा फोटो काढला की त्या उमटतातच. उत्तर आलं: "बघा, रेघा दिसतात. मॉनिटर बदला."

तिला राग आला, पण हात शांत राहिले. तिनं कीबोर्डवरची प्रिंट स्क्रीनची कळ दाबली, चित्र पेंटमध्ये चिकटवलं, चौकोनाभोवती लाल गोल काढला आणि पाठवलं. सोबत लिहिलं: 'फोटो काचेचा असतो. हा स्क्रीनशॉट आहे. संगणकानं जे चित्र बनवलं ते जसंच्या तसं. चौकोन यातही आहे, म्हणजे दोष मॉनिटरचा नाही.'

मग म्हणाले, फॉन्ट टाका. टाकला. स्क्रीनशॉट काढून पाठवला. म्हणाले, ब्राउझर बदला. बदलला. स्क्रीनशॉट पाठवला. म्हणाले, संगणक बंद करून चालू करा. तेही करून झालं. चौथ्या दिवशी तक्रारीच्या पानावर हिरव्या अक्षरांत आलं: 'वापरकर्त्याच्या संगणकातील दोष. तक्रार निकाली काढण्यात आली.' सत्यभामेनं त्या हिरव्या ओळीचाही स्क्रीनशॉट काढला आणि तक्रार नव्यानं टाकली.

कंपनीनं प्रत्येक तालुक्याला एक समन्वयक नेमला होता. मारेगावचा समन्वयक विठ्ठलराव ढवस. बारा एकराचा शेतकरी, गावात ऊठबस असलेला, बोलायला गोड. तो केंद्रात येऊन बाकावर बसला.

"मॅडम, कायले इतकं ताणता? यादीत बोराळा नावाचं गाव हाय. तेच निवडा आन मोकळे व्हा. सिस्टीमले काय समजते?"

"बोराळा दुसऱ्या तालुक्यात हाय, विठ्ठलराव."

"असू द्या नं. नाव तर जवळजवळ सारकंच हाय."

"पेट्या गावाच्या नावानं निघतात. त्या बोराळ्यात जाऊन पडतीन. मंग बोऱ्हाळ्याच्या मानसानं काय जवळजवळ फवारायचं? विषाले तर समजते नं कोन्या गावचा मानूस हाय ते."

विठ्ठलराव हसला. "एका अर्ध्या अक्षरासाठी भांडून राह्यल्या तुमी."

"अर्ध्या अक्षरानं बासष्ट मजुरायचं गाव पुसलं," ती म्हणाली. "मी खोटं गाव टाकनार नाई. लिहून घ्यायचं असन तं लिहून घ्या."

तो गेल्यावर तिनं गावाचं नाव पुन्हा टाइप करून पाहिलं. बोऱ्हाळ्यातला तो अर्धा ऱ. तोच वऱ्हाडात होता आणि तोच पऱ्हाटीतही होता. मग बासष्टच काय, जिल्हाभर किती लोक या चौकोनात पडले असतील? आणि प्रत्येकाला सांगितलं असेल, तुमचा मॉनिटर खराब आहे.

केंद्रचालकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, दीडशे जणांचा. एरवी त्यात सुप्रभातची फुलं आणि सर्व्हर बंद असल्याच्या शिव्या. सत्यभामेनं कधी काही लिहिलं नव्हतं. आज तिनं लिहिलं: 'ज्यांच्याकडे कुऱ्हाडे, वऱ्हाडे, गोऱ्हे अशा आडनावाचे किंवा अर्धा ऱ असलेल्या गावाचे मजूर असतील, त्यांनी अर्ज भरून, जतन करून स्क्रीनशॉट पाठवावा. मोबाईलचा फोटो नको. कोपऱ्यातली तारीख आणि वेळ दिसू द्यावी. आधार क्रमांक मात्र झाकावा.'

पहिलं उत्तर ढाणकीहून आलं. तिथं रवी मुनेश्वर नावाचा केंद्रचालक होता. त्याच्या स्क्रीनशॉटमध्ये आडनाव होतं: 'व', चौकोन, 'हाडे'. खाली त्यानं लिहिलं होतं: 'ताई, माह्याकडे वऱ्हाडे नावाचे नऊ लोक वापस गेले. मले वाटलं माहाच कम्प्युटर खराब हाय. मी तं नवीन मॉनिटर घेऊन बसलो.'

मग वणीहून आला, घाटंजीहून आला, उमरखेडहून तीन आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिचा धरून एकतीस झाले. एकतीस वेगवेगळे संगणक, कुणाचा जुना, कुणाचा नवा, आणि सगळ्यांवर तोच चौकोन. सत्यभामेनं ते ओळीनं एका फाइलमध्ये लावले, प्रत्येकाखाली गाव आणि वेळ लिहिली, आणि फाइल मदतकक्षाला पाठवली.

उत्तर आलं ते असं: तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं पोर्टल उघडलं तर तिचा आयडी बंद. 'गैरवापराबद्दल तात्पुरता स्थगित.' तिनं विठ्ठलरावला फोन लावला.

"मी म्हटलं व्हतं नं तुम्हाले," तो म्हणाला. "ग्रुपवर कायले टाकलं? कंपनीची बदनामी झाली म्हनते. माफीचा मेल करा, दोन दिवसांत चालू होते."

"कशाची माफी?"

"काहीबाही लिहा हो. गैरसमज झाला म्हना."

"गैरसमज झाला नाई. चौकोन माह्या डोळ्यायनं पाह्यला, आन अजून तीस जनांनी पाह्यला."

फोन ठेवून तिनं आयडी पुन्हा टाकून पाहिला. आयडी बंद म्हणजे बाकावर माणसं येणार आणि हात हलवत परत जाणार. नवरा दुपारी डब्यासाठी आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं. तो जेवता जेवता म्हणाला, "मेल कर नं. दोन ओळीचा तर हाय." तो जेवण उरकून हात धुऊन आला तोवर तिनं एकतीसच्या एकतीस स्क्रीनशॉट छापले होते आणि केंद्राच्या दाराबाहेरच्या भिंतीवर चिकटवायला सुरुवात केली होती. नवऱ्यानं क्षणभर पाहिलं, मग चिकटपट्टीचं टोक धरून तो स्टुलावर चढला.

सगळ्यांच्या वर तिनं मोठ्या अक्षरांत लावलं: 'हे अक्षर आमच्या संगणकात आहे. पोर्टलमध्ये नाही.'

बसस्टँडवर उतरणारी माणसं थांबून वाचू लागली. ज्यांना वाचता येत नव्हतं ते चौकोन मोजू लागले. रुखमाबाई आली तशी भिंतीसमोरच उभी राहिली. तिनं एका कागदावर बोट ठेवलं.

"हेच का बाई आमचं गाव?"

"हेच."

"अन हा डब्बा?"

"तिथं अक्षर होतं. ते त्यायनं खाल्लं."

रुखमाबाईनं बराच वेळ त्या चौकोनाकडे पाहिलं. "याचा एक कागद मले द्या," ती म्हणाली. "गावात दाखवतो."

गावात काय झालं ते सत्यभामेला नंतर कळलं. वस्तीतल्या समाजमंदिरात रुखमाबाईनं तो कागद सगळ्यांना दाखवला. लेतूला मध्ये बसवलं आणि दुपट्टा बाजूला करून त्याचे डोळे दाखवले. मग म्हणाली, "कागदावर आपलं गावच नाई. गाव नाई तं मजूर कुठून येनार? जेव्हा गाव कागदावर येईन अन पेटी हातात पडन, तेव्हा पंप खांद्यावर घ्या. तोवर कोनाच्याच वावरात जाऊ नका."

सगळ्यांना पटलं असं नाही. दोघं-तिघं म्हणाले, चूल कशी पेटन? पण पुढच्याच सोमवारी अजून एक जण वावरातच चक्कर येऊन पडला, आणि मंगळवारी बोऱ्हाळ्यातून एकही पंप निघाला नाही. बुधवारीही नाही. आसपासच्या पाच गावांची फवारणी त्या बासष्ट खांद्यांवर चालायची. त्यात विठ्ठलरावची बारा एकर पऱ्हाटीही होती, आणि तिच्यावर अळी चढली होती.

शुक्रवारी सकाळी विठ्ठलराव केंद्रात आला. या वेळी बाकावर बसला नाही.

"तुमी लोकायले भडकवलं," तो म्हणाला.

"मी फक्त कागद देल्ला."

"खरं सांगू का? कंपनी म्हनते, मॅडमचा मॉनिटरच खराब हाय. बाकी लोकायनं तुमचंच चित्र पाहून तसेच पाठवले."

सत्यभामा उठली. "तुमचा आयडी चालू हाय नं? इथं बसा आन लॉगिन करा." त्यानं कुरकुरत केलं. मग त्याला उठवून ती खुर्चीवर बसली. अर्ज उघडला आणि हात पुढे करून मॉनिटरचं बटन दाबलं. काच काळीकुट्ट झाली.

"हे काय करून राह्यल्या?"

"मॉनिटर खराब हाय म्हनता. त्याले झोपवला."

आणि त्या काळ्या काचेपुढे तिची बोटं चालू लागली. सोळा वर्षं तिनं पोरांच्या बोटांवर रुमाल टाकून त्यांना असंच शिकवलं होतं. नाव, टॅब, क्रमांक, टॅब, गाव. बोऱ्हाळा. मग 'जतन करा'साठी एंटर. मनात दहापर्यंत मोजलं आणि प्रिंट स्क्रीनची कळ दाबली. विठ्ठलराव तिच्या बोटांकडे बघत उभा राहिला. मग तिनं मॉनिटर चालू केला, चित्र चिकटवलं आणि त्याच्या मोबाईलवर पाठवलं.

त्याच्या खिशात फोन वाजला. त्यानं उघडून पाहिलं. त्याच्या स्वतःच्या फोनवर, चांगल्या झकझकीत काचेवर, 'बो', चौकोन, 'हाळा'.

"चित्र काढलं तवा या मॉनिटरचे डोळे मिटले होते," सत्यभामा म्हणाली. "तुमच्या फोनचाही मॉनिटर खराब हाय का, विठ्ठलराव?"

त्यानं दोनदा चित्र मोठं करून पाहिलं. मग चेहऱ्यावरून हात फिरवला. "मी वर पाठवतो," तो म्हणाला.

"पाठवलेलं तुमी लोक निकाली काढता. माह्यासमोर फोन लावा. मदतकक्षाले नाई, जो बनवते त्याले."

त्यानं लावला, कारण बारा एकर पऱ्हाटी त्याला दिसत होती. पुण्याचा इंजिनिअर फोनवर आला. हिंदी बोलणारा, बऱ्यापैकी सौम्य. त्यानं चित्र पाहिलं. कीबोर्डची टकटक ऐकू येत होती.

"मॅडम, हमने अक्षरों की एक लिस्ट बनाई थी," तो म्हणाला. "जो लिस्ट में नहीं है, सिस्टम उसे निकालकर खाली डिब्बा रख देता है. ये वाला र हिंदी में होता ही नहीं."

"मराठी में होता है, साहेब," सत्यभामा म्हणाली. "आपका फॉर्म मराठी में है. और यहाँ आदमी भी मराठी में मर रहे हैं."

पलीकडे पुन्हा टकटक झाली. "एक लाइन का काम है," तो शेवटी म्हणाला. "कर देता हूँ."

ती एक ओळ व्हायला आणखी दोन दिवस लागले. पहिल्या तक्रारीपासून मोजले तर एकोणीस. रविवारी दुपारी सत्यभामेचा आयडी आपोआप चालू झाला. ना कुणी फोन केला, ना कुणी काही लिहिलं. तिनं बोऱ्हाळा टाइप केलं, जतन केलं आणि पाहिलं. ऱ जागेवर होता. अर्ज गेला. तिनं ग्रुपवर एवढंच टाकलं: 'गेला. भरा.' ढाणकीहून रवीनं वऱ्हाडे लोकांचे नऊ अर्ज एका बैठकीत भरले आणि नऊ स्क्रीनशॉट पाठवले. गरज नव्हती, पण पाठवले.

सोमवारी बोऱ्हाळ्याची माणसं आली. गल्लीत दुपारपर्यंत रांग होती. लेतूला त्या हंगामात फवारणं शक्य नव्हतं, पण त्याचंही नाव तिनं घातलं. रुखमाबाईचं नाव तिच्या स्वतःच्या अर्जावर, फवारणी मजूर म्हणून. "कालवनारी म्हनून टाकू का?" असं सत्यभामेनं विचारलं होतं. "नाई," ती म्हणाली, "मजूरच टाका."

त्याच दिवशी मदतकक्षातून विचारणा आली, 'समाधान झाले' हे बटन दाबून तक्रार बंद करावी. सत्यभामेनं दाबलं नाही. पेटी माणसाच्या हातात पडेपर्यंत दाबणार नाही, असं तिनं कळवून टाकलं. रोज एक विचारणा यायची आणि रोज ती तेच उत्तर द्यायची.

पेट्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आल्या. बोऱ्हाळ्यात ट्रॅक्टर उभा राहिला तेव्हा सत्यभामा केंद्र बंद करून तिथं गेली. प्रत्येक पेटीवर गावाचं नाव छापलेलं होतं, पुरं. बायका पेटी हातात घेऊन त्या नावावरून बोट फिरवत होत्या. पंप बाहेर निघाले, आणि विठ्ठलरावच्या वावरात त्याच दिवशी चष्मा-मास्क घातलेली माणसं दिसली. अळीनं तोवर निम्मी बोंडं पोखरली होती, पण त्या वर्षी ती कुणाची पोखरली नव्हती?

रुखमाबाईनं हातमोजे घालून पाहिले. बोटांच्या पुढे चार अंगुळं रबर लोंबत राहिलं. सगळेच हातमोजे पुरुषांच्या मापाचे होते. ती हात हलवून दाखवू लागली तशा बायका हसल्या. ती मात्र हसली नाही.

"यानं बाटली कशी धरू बाई? सुटनच."

तेवढ्यात सत्यभामेचा फोन वाजला. मदतकक्षाचा तोच माणूस होता. "मॅडम, पेट्या पोहोचल्या ना? आता तरी क्लोज करायची का तक्रार?"

"ऱ ची तक्रार बंद करा," सत्यभामा म्हणाली. "आणि दुसरी लिहून घ्या. बायकांच्या मापाचे हातमोजे. बोऱ्हाळ्यात सतरा जोड. मोजून फोटो पाठवते."

लहान मापाचे सतरा जोड जानेवारीत आले. तोवर पऱ्हाट्या उपटून वावरं मोकळी झाली होती. रुखमाबाईनं आपला जोड घालून पाहिला, बोटं नीट उघडली-मिटली, आणि पुढच्या हंगामासाठी पेटीत जपून ठेवून दिला.